निष्कांचनांचे दप्तर

अक्कलकोटच्या माणसाला मठ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. स्वामी समर्थ १८५६च्या सुमारास गावात आले आणि १८७८मध्ये समाधिस्थ झाले. स्वतःचे म्हणून त्यांनी काही बाळगले नाही; पण त्यांच्या नावाने आज गावात मंदिर आहे, मठ आहेत, भक्तनिवास आणि अन्नछत्र आहे. इमारत आली की कागद आलेच. नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक, शेतीचा सातबारा, धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. संन्यासी निघून जातो आणि फाइल जाड होत राहते, हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक क्षेत्राला आहे.

युरोपातल्या कॅथलिक पंथांत या पेचावर शेकडो वर्षे काथ्याकूट झाला. असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या अनुयायांना घर, जमीन, पैसा यांतले काहीच आपले म्हणू नये असा नियम घातला. तो वारला १२२६ साली. पाठोपाठ मठ उभे राहिले, दाने आली, आणि मालक कोण हा प्रश्न आला. १२४५मध्ये पोप चौथा इनोसंट याने वाट काढली : मालकी रोमच्या धर्मपीठाची, वापर साधूंचा. १३२२मध्ये बाविसाव्या जॉनने ही तडजोड मोडीत काढली आणि वाद पुन्हा पेटला. व्यवहारात मात्र एक पद्धत टिकली. साधूने नाणे हाताळायचे नाही म्हणून ‘सिंदिको’ नावाचा बाहेरचा गृहस्थ नेमायचा. तो पैसे घेई, देणी भागवी आणि हिशेब ठेवी. आपल्याकडच्या मठाचा कारभारी म्हणा ना! त्याने दुसऱ्याच्या वतीने खर्च केला की त्याचा हिशेब देणे आलेच. ज्यांनी मालकी नाकारली त्यांच्याच घरात वह्या वाढल्या त्या अशा.

हे फ्रान्सिस्कन गोव्यात स्थिरावले ते १५१७ साली. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या शेजारी त्यांचे चर्च आहे; आज दिसते ती इमारत १६६१ची. लागून असलेल्या मठाच्या दालनांत १९६४पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. पर्यटक व्हाइसरॉयांची तैलचित्रे बघून बाहेर पडतात. चर्चच्या जमिनीकडे पाहावे. पाय ठेवू तिथे थडग्याची कोरीव शिळा आहे : कुळाचे चिन्ह, खाली नाव आणि सन. मठात पुरले जाण्याची जागा आणि मरणोत्तर ठरावीक दिवशी आत्म्यासाठी मिस्सा हा प्रार्थनाविधी, यासाठी माणसे पैसे आणि उत्पन्ने लावून देत. म्हणजे दर शिळेमागे मठाच्या बाजूला एक कर्तव्य चढे, आणि ते वर्षानुवर्षे वहीत नोंदवत राहावे लागे. मूळ उत्पन्न आटले तरी मिस्सांचे बंधन आपोआप सुटत नसे. नंदादीपासाठी दिलेले शेत पडीक पडते आणि तेल मात्र रोज घालावे लागते, ही तक्रार आपल्या गुरवांच्या तोंडीही ऐकू येते.

मठांना आणि चर्चला उत्पन्न आले कुठून, याचे उत्तर सुखाचे नाही. एक वाट राजाच्या तिजोरीतून येई. सिमांव बोतेल्यु याने १५५४मध्ये पोर्तुगीज भारताच्या जमाखर्चाचा जो तोंबो, म्हणजे नोंदवही, केला, त्यात धर्मसंघांना मिळणाऱ्या नेमणुकीच्या रकमा नोंदल्या आहेत. दुसरी वाट देवळांतून आली. तिसवाडीतली देवळे १५४०च्या सुमारास पाडली गेली. १५४१मध्ये त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती कार्याला द्यायला गावकऱ्यांना संमती द्यावी लागली. पुढे साष्टीत जेझुइट आणि बार्देशात फ्रान्सिस्कन असे तालुकेच वाटले गेले. साष्टीची देवळे १५६७मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर त्यांच्या जमिनींची गाववार यादी करण्यात आली. कोणत्या देवाचे कोणते शेत, देवळाच्या सेवेकऱ्यांना कोणती जमीन, सगळे तपशिलात. १५९५मध्ये फ्रांसिस्कु पाइश याने गोवा बेट, साष्टी आणि बार्देश यांचा मोठा तोंबो तयार केला.

या याद्यांचा हेतू एकच होता, वसुली. पण आज मूळ गावात ज्या देवाचा दगडही उरला नाही, त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याची जमीन सांगणारा भक्कम पुरावा या याद्यांतच सापडतो. ज्याने देऊळ पाडले त्याच्याच कारकुनाने देवळाची नोंद राखली. कागद टिकतो तो वसुली चालू असेपर्यंत, अशी माझी समजूत या विषयात पक्की होत गेली आहे.

उत्तर कोकणातही तेच. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात १५४०च्या दशकात अंतोनियु दु पोर्तु या फ्रान्सिस्कनाने चर्च केले आणि डोक्यावर मठ व विद्यालय उभे राहिले. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर मुलूख मराठ्यांचा झाला, आणि उत्पन्नाचे धनीही बदलले.

गोव्यातल्या मठांवर गदा आली ती मात्र त्यांच्याच राजसत्तेकडून. जेझुइटांना १७५९मध्ये हाकलले होतेच. मे १८३४मध्ये लिस्बनच्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे सर्व धर्मसंघ बरखास्त केले. हुकूम काढणाऱ्या ज्वाकीं आंतोनियु द आगियार या मंत्र्याला लोकांनी ‘साधुमाऱ्या’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. गोव्यात अंमल झाला १८३५मध्ये. मालमत्ता सरकारजमा झाली. आता याद्या करायला कारकून आले ते सरकारचे. जोगिणींच्या मठांना थोडी सवड होती : नव्या कोणी घ्यायच्या नाहीत, आहेत त्यांनी मरेपर्यंत राहावे. १६०६मध्ये स्थापन झालेल्या सांता मोनिका मठातली शेवटची जोगीण १८८५ साली वारली.

ऑगस्टिनियन साधूंचा जुन्या गोव्यातल्या टेकडीवरचा मठ १८३५नंतर ओस पडला. १८४२मध्ये चर्चची कमान कोसळली; मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१मध्ये ढासळला. त्याची मोठी घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. घंटा कामाची होती म्हणून तिची सोय लागली. पुस्तके काही प्रमाणात पणजीच्या सार्वजनिक ग्रंथालयात आली. १८३२मध्ये सुरू झालेली ही संस्था आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखली जाते. जमिनीचे कागद खजिन्याने जपले, कारण भाडे वसूल करायचे होते. पण स्वयंपाकघराचा खर्च, आजाऱ्याचे औषध, नवशिक्याची नोंद यांत सरकारला रस नव्हता.

काही कागद फार लांब गेले. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात ७७१ आणि ७७२ क्रमांकाची हस्तलिखिते आहेत. साष्टीतल्या जेझुइटांनी लिहून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथा त्यांत आहेत, मुख्यतः कोकणी भाषेत आणि रोमन लिपीत. देवळे पाडणाऱ्या पिढीनेच त्या लिहवून घेतल्या.

उरलेल्याची मोट बांधायचे काम दोघांनी मोठे केले. १८५५मध्ये सरकारचा सचिव म्हणून गोव्यात आलेल्या कुन्य रिवाराने जुने दस्तऐवज छापायला घेतले. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्याची घडी बसवली आणि १९५५मध्ये त्याचा मार्गदर्शक ग्रंथ काढला. १५९५मध्ये दियोगु दु कोतु या इतिहासकाराच्या हाती सोपवलेला हा दफ्तरखाना. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक पिसुर्लेकरांचे ऋणी आहेत ते उगाच नाही.

मठाचा कागद काय करू शकतो, याचा पुरावा त्याच ऑगस्टिनियन टेकडीवर मिळाला. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४मध्ये शिराझ येथे शाह अब्बासच्या हुकमाने मारले. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी अवशेष उचलले आणि १६२७मध्ये ते गोव्यात आणले. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागा लिहून ठेवली होती : मठाच्या सभागृहाच्या प्रार्थनागृहात, दुसऱ्या खिडकीत. छप्पर पडले, दगड इकडचे तिकडे झाले, तरी पुरातत्त्व खात्याने त्या वर्णनावरून शोध घेत २००४मध्ये हाताचे हाड मिळवले. हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेने त्याचा डीएनए तपासला. मातृवंशाचा जो गट निघाला, तो भारतात न आढळणारा आणि जॉर्जियात सापडणारा होता. जुलै २०२१मध्ये भारत सरकारने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. ‘दुसरी खिडकी’ एवढी नोंद कुणीतरी केली नसती तर प्रयोगशाळेकडे पाठवायला काही हाती लागले नसते.

अक्कलकोट असो वा सोलापूर, मठ असो, दर्गा असो वा चर्च, आपल्या संस्थांचे मालमत्तेचे उतारे सरकारकडे आहेतच. ते कुठे जात नाहीत. कोठीच्या वह्या, पंगतीचे हिशेब, गावोगावच्या देणगीदारांच्या पावत्यांची पुस्तके यांची प्रत मात्र कुठेच नाही. विश्वस्तांनी त्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला काढू नयेत. ठेवायला जागा नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा जवळच्या विद्यापीठाचा इतिहास विभाग यांना आधी विचारावे.