दुधाच्या दातांची निगा
दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, मग त्यांची एवढी तजवीज कशाला, हा समज घराघरांत इतका दृढमूल आहे की मुलाच्या दातांतील किडीकडे सुजाण आईबापही कानाडोळा करतात. वस्तुतः साधारण सहाव्या महिन्यापासून उगवू लागून तिसऱ्या वर्षापर्यंत २० भरणारे हे दात कायमच्या दातांची जागा राखून ठेवीत असतात, आणि त्यांतील एखादी दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकून पुढची रांग वाकडी होण्याचा संभव असतो.

सर्वांत घातक सवय म्हणजे दुधाची बाटली तोंडात देऊन मुलाला निजवणे. निद्रेत लाळेचा प्रवाह मंदावतो, दुधातील शर्करा वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते, आणि तिच्यावर पोसलेले जंतू जे अम्ल निर्माण करतात ते दातांचे कवच झिजवू लागते. पहिली खूण म्हणजे हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ. ओठ उचलल्याखेरीज ती दिसत नाही, म्हणून अधूनमधून उजेडात पाहण्याची हयगय कोणत्याही आईने करू नये, कारण या अवस्थेत कीड अजून थोपवता येते.

पहिला दात दिसताच मऊ ब्रश हाती घ्यावा. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पुरे. काही घरांत दातांना लावतात ती मिश्री तंबाखूची असते. ती मुलाच्या बोटाला कदापि लागू देऊ नये. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचे दात वडीलधाऱ्यांनीच घासून द्यावेत, कारण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता उगवणारी दाढ कायमची असते, आणि तिथवर मुलाचा ब्रश सहसा पोचत नाही.