दगड किती तापला होता? झिरकॉनला विचारा

आज एक अगदी बारीक कण घेऊन आलोय. किती बारीक? बहुतेक वेळा मिठाच्या दाण्यापेक्षाही लहान. नाव झिरकॉन. आणि आधीच सांगतो, दागिन्यांच्या दुकानात अमेरिकन डायमंड म्हणून मिळतो तो हा नव्हे. तो क्युबिक झिरकोनिया, कारखान्यात बनतो. झिरकॉन हा झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा नैसर्गिक स्फटिक. ग्रॅनाईटमध्ये बहुतेक वेळा सापडतोच.

आता ग्रॅनाईट म्हणजे अग्निजन्य खडक. जमिनीखाली वितळलेला मॅग्मा हळूहळू थिजून झालेला. तो मॅग्मा किती गरम होता, हे आज कसं कळणार? तिथे थर्मामीटर घेऊन कोण बसलं होतं? पण पाक किती झालाय हे आपण तार बघूनच ओळखतो ना, एकतारी की दोनतारी? तशीच खूण दगडातही शोधायची.

झिरकॉन वाढत असताना सिलिकॉनच्या जागी थोडे टायटॅनियमचे अणू घुसतात. हा अणू सिलिकॉनपेक्षा मोठा, त्यामुळे त्या जागेत नीट बसत नाही. पण मॅग्मा जितका गरम, तितकी ही अडचण स्फटिकाला जास्त चालते आणि जास्त टायटॅनियम आत शिरतं. एकदा शिरलं की ते जवळपास हलत नाही. मग स्फटिक घासून गुळगुळीत करायचा, त्यावर आयनांचा झोत मारायचा आणि टायटॅनियम मोजायचं. ५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५ भाग सापडलं तर साधारण ६८५ अंश सेल्सिअस. १० पीपीएम असेल तर साधारण ७४५. २० असेल तर ८१० च्या आसपास. एवढ्याशा फरकावर सगळा हिशोब आहे बरं का!

(मग आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात झिरकॉन का दिसत नाही? बेसॉल्टचा लाव्हा ११०० अंशांच्या वर असतो, आणि त्यात झिर्कोनियम आरामात विरघळलेलं राहतं, गरम चहात साखर राहते तसं. स्फटिक व्हायची वेळच सहसा येत नाही.)

या थर्मामीटरने खरी खळबळ उडवली ती २००५ मध्ये. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या जुन्या गोट्यांच्या खडकात असे झिरकॉन सापडलेत, की त्यातल्या सगळ्यात जुन्याचं वय सुमारे ४४० कोटी वर्षं. पृथ्वीचंच वय साधारण ४५४ कोटी! गंमत म्हणजे हे कण ज्या खडकात जन्मले तो खडक आता उरलेलाच नाही. तो झिजला, वाहून गेला, मागे राहिले फक्त कण.

ब्रूस वॉटसन आणि मार्क हॅरिसन या दोघांनी त्यातलं टायटॅनियम मोजलं. बरेचसे आकडे ६८० अंशांच्या आसपास गोळा झाले. आता ६८० मध्ये विशेष काय? तर कोरडा ग्रॅनाईट वितळायला ९०० च्या पुढे जावं लागतं. पाणी मुरलेलं असेल, तर ६५० ते ७०० लाच तो वितळायला लागतो. म्हणून त्यांचं म्हणणं असं, की एवढ्या कोवळ्या पृथ्वीवरही पाणी होतं आणि ग्रॅनाईटसारखे खडक बनत होते. नुसता आगीचा गोळा नव्हता.

सगळ्यांना हे पटलं का? नाही. लगेच पुढच्याच वर्षी आक्षेप आला, की समुद्रतळाखालच्या गॅब्रो खडकांतले झिरकॉनही असेच कमी आकडे दाखवू शकतात. कारण गरम मॅग्मातही झिरकॉन कधीकधी अगदी शेवटी, उरल्यासुरल्या थंड रसात तयार होतो. मग तो आकडा त्या शेवटाचा, सुरुवातीचा नव्हे.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. वरचे आकडे कधी बरोबर? मॅग्मात टायटॅनियम भरपूर असेल तेव्हाच, म्हणजे रुटाइल हे टायटॅनियमचं खनिज शेजारी बनत असेल तेव्हा. मॅग्मात मुळात टायटॅनियमच निम्मं उपलब्ध असेल, तर स्फटिकात कमी शिरणार आणि आपण उगाच म्हणणार, ‘अरे, थंड होता!’ अशा वेळी ५ पीपीएमचं उत्तर ६८५ नसून सुमारे ७४५ होतं. थेट ६० अंशांचा फरक! सिलिका कमी असेल तर चूक उलट्या बाजूला जाते. २००७ मध्ये सूत्रात या दोन्ही गोष्टींची सोय केली गेली. पण शेजारचे खनिज माहीत असतील तरच तिचा नीट उपयोग. ग्रॅनाईटचा अख्खा तुकडा हातात असेल, तर ती सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. जॅक हिल्सच्या कणांना शेजारीच नाहीत. म्हणून तिथे झिरकॉनच्या पोटात अडकलेले क्वार्ट्झचे, अभ्रकाचे इवलेसे तुकडे शोधतात, आणि त्यावरून तो हरवलेला खडक कसा असेल ते जुळवत बसतात.