टोपलीचं माप

मंडळी, धाटावला औद्योगिक वसाहत आहे, तेव्हा लोखंडाचं कडं वळवून घेणं आपल्याला अवघड नाही. वेल्डिंगच्या दुकानात जावं, शाळेसाठी बास्केटबॉलची रिंग हवी म्हणावं. पण कारागीर आधी विचारील, "गुरुजी, माप काय?" आज त्याचंच उत्तर पाहू.

१८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या व्यायामशिक्षकाने फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा होता दहा फूट उंच. तीच उंची आजही कायम आहे : ३.०५ मीटर. कड्याचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर. नऊ मिलिमीटरपर्यंत जास्त चालेल, कमी मुळीच नाही. मोठा चेंडू सुमारे २४ सेंटिमीटरचा. म्हणजे खालून अरुंद दिसणारं हे कडं चेंडूच्या जवळजवळ दुप्पट असतं! सळई १६ ते २० मिलिमीटर जाडीची. मागची फळी १.८० मीटर रुंद आणि १.०५ मीटर उंच. फळी आणि कडं यांत १५ सेंटिमीटर अंतर. लहान मुलांसाठी मात्र कडं २.६० मीटरवर बसवतात.

एवढी काटेकोर मापं कशाला? तर हात सवयीचा असतो. वीतभर खाली बसवलेल्या कड्यावर पोरानं वर्षभर सराव केला, की बाहेरगावच्या सामन्यात त्याचा चेंडू तोकडा पडतो. दोष पोराचा नव्हे, कड्याचा. मुंबईच्या नागपाड्यात खेळून अब्बास मुंतासिर भारताचे कर्णधार झाले, १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाडा काय, परदेश काय, कड्याची उंची तीच! माप बरोबर असलं, की गावचा मुलगा आणि शहरचा मुलगा एका पातळीवर येतात.

मापाइतकीच मजबुतीही महत्त्वाची. २०२५ च्या नोव्हेंबरात हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात सराव करताना खांब अंगावर कोसळून एक कुमार खेळाडू दगावला. आपल्याकडे तर चार महिने पाऊस. खांब गंजतो तो बुडाशी, आणि वरचा रंग तो गंज झाकतो. म्हणून पावसाळा सरला, की बुडाची माती बाजूला करून पाहा, हातोडीनं ठोकून पाहा, खांब हलतो का तेही पाहा. शंका आली, तर दुरुस्ती होईपर्यंत खेळ बंद. कड्याला लोंबकळू नका, हेही मुलांना बजावा.

टेप आणि हातोडी, दोन्ही गावात मिळतात. शाळा सुटल्यावर अर्धा तास काढा, एवढंच मागणं.