चालण्याचा परवाना

२०१४ च्या जुलैत मी नोकरीसाठी मॉरिशसला गेले. सामानात सुती कपडे, छत्री आणि उन्हाचा चष्मा होता. राहायला जागा मिळाली वाक्वा नावाच्या गावात, बेटाच्या मधल्या उंच भागावर. तिथे सकाळी धुकं होतं, पावसाची बारीक भुरभुर होती आणि शेजारपाजारचे लोक स्वेटर घालून बसची वाट पाहत होते. पहिल्या आठवड्यात मी बाजारातून लोकरीची शाल घेतली. ती पुढची साडेआठ वर्षं दर हिवाळ्यात अंगावर होती.

काम एबेनमध्ये होतं. २००० सालापर्यंत तिथे ऊस डोलत होता, मग सरकारने सायबरसिटी उभारली आणि काचेच्या इमारती आल्या. त्यांपैकी एकीत, युरोपातल्या कंपन्यांचे हिशेब ठेवणाऱ्या फर्ममध्ये मी रुजू झाले. कामाचा परवाना तीन वर्षांचा होता आणि तो मालकाशी बांधलेला होता. नोकरी सुटली तर परवानाही सुटला, असा साधा हिशेब. घर आणि कचेरी यांत अंतर फार नव्हतं. पण हातात गाडी नसली की त्या बेटावर अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, शेवटच्या बसच्या वेळेत मोजतात. खेड्यापाड्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला संपतात, शहरी भागात त्या थोड्या उशिरापर्यंत धावतात. महिनाअखेरीला कचेरीतून निघायला उशीर झाला की रोझ हिलच्या थांब्यावर मी अंधारात उभी असायची. माणशी भाडं घेऊन चार-पाच जणांना एकत्र नेणाऱ्या ‘टॅक्सी-ट्रेन’ची ओळख मला तिथेच झाली. बसच्या मोठ्या थांब्याला तिथे ‘लागार’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ रेल्वे स्टेशन. त्या वेळी बेटावर एकही आगगाडी नव्हती, त्यामुळे हा शब्द मला कोड्यात टाकायचा.

कोडं सोडवलं शेजारच्या आजींनी. ऐंशीच्या घरातल्या, मराठी घराण्यातल्या. बोलायच्या क्रिओल, पण देवाशी, मांजराशी आणि पुढे पुढे माझ्याशी मराठी. आमची पहिली ओळख झाली ती कुंपणाशी.

“पोरी, कंत्रा किती वर्षांचा तुझा?”

“करार तीन वर्षांचा, आजी.”

“आमच्यांचा पाचाचा होता,” असं म्हणून त्या कपडे वाळत घालायला वळल्या. जणू त्यांचे पणजोबा गेल्या आठवड्यात बोटीतून उतरले असावेत.

त्या एका वाक्यामुळे मी मॉरिशसचा इतिहास वाचायला लागले. हा मागोवा माझ्या साडेआठ वर्षांचा आहे, पण तो त्या पणजोबांना वगळून मला लिहिता येणार नाही.

ब्रिटिशांनी हे बेट फ्रेंचांकडून १८१० मध्ये घेतलं. १८३५ च्या फेब्रुवारीत तिथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि ऊसमळ्यांना माणसं हवी झाली. त्याच्या तीनच महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला पोचले होते. पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांवर माणसं हिंदुस्थानातून तिथे उतरली. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून आणि सर्वांत कमी आपल्या मुंबईहून. मुंबईच्या बोटींत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची माणसं बरीच होती. डोंगरउतारावरची खाचरं, दोन वेळच्या भाताची मारामार, आणि मुंबईपर्यंत जायची सवय आधीपासूनची. मुंबईच्या पुढे आणखी एक बंदर आहे, एवढंच मुकादमाला सांगायचं होतं. तिकडे दगड उलटला की सोनं मिळतं, असंही सांगत म्हणे. दगड मात्र खरोखर होते. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत आजही काळ्या ज्वालामुखी दगडांचे प्रचंड ढीग उभे आहेत, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे, देवळाच्या चौथऱ्यासारखे रचलेले. जमीन नांगराखाली आणण्यासाठी हे दगड हातांनी वेचले गेले. बसच्या खिडकीतून ते ढीग दिसले की मला दरवेळी कोकणातले गडगे आठवायचे.

सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिन्याला पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. कराराची मुदत कधी वर्षाची, कधी तीन वर्षांची, कधी पाच वर्षांची. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. या ‘दुहेरी कापणी’ने महिन्याअखेरीस माणसाच्या हातात किती उरत असेल, हा हिशेब मी हिशेबनीस असूनही कागदावर मांडायला धजले नाही. आजारी माणूसही त्यातून सुटत नसे. ही कापणी १९०९ पर्यंत टिकली.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते चालण्याबद्दलच्या कायद्यांनी. मळ्याबाहेर परवानगीशिवाय सापडलेला माणूस ‘भटक्या’ ठरायचा आणि त्याला कोंडवाड्यात पाठवत. बरं, करार संपल्यावर तरी मोकळं व्हावं? तर १८६७ च्या कायद्याने करार पूर्ण केलेल्या जुन्या मजुरांनाही फोटोचं तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगायची सक्ती केली. पास एका जिल्ह्यापुरता. शेजारच्या जिल्ह्यात भावाला भेटायला, मुलीचं लग्न ठरवायला किंवा जास्त पगाराचं काम बघायला जायचं तर पुन्हा परवानगी. साधारण पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद बेट ते. माणूस दीड-दोन दिवसांत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाईल, आणि त्यावर त्याला एका जिल्ह्यात खिळवून ठेवलं होतं. मजूर हिंडला नाही म्हणजे मजुरीचा दर चढत नाही, हे मळेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

याच सुमाराला बेटावर आगगाडी आली होती. उत्तरेकडची लाइन १८६४ मध्ये सुरू झाली. पोर्ट लुईहून मधल्या उंचवट्यावरून पलीकडे माएबूरला जाणारी लाइन तिच्या पुढच्या वर्षी. रूळ टाकले गेले ते प्रामुख्याने साखर बंदरावर पोचवायला. १८६७ साली हिवतापाने पोर्ट लुईत हजारो माणसं मेली, तेव्हा ज्यांना परवडलं ते याच गाडीने वर क्युरपिप, वाक्वाच्या थंड हवेत राहायला आले. बेटाची आजची दाट वस्ती त्या लाइनच्या कडेने आहे. तेच साल पासच्या कायद्याचं. पोत्यांतली साखर आणि तापाला भिऊन निघालेले धनिक त्या डोंगरावरून बिनपरवाना जात होते. ज्या हातांनी तो ऊस लावला त्यांना मात्र रस्त्यावर शिपाई अडवून कागद मागत होता.

अ‍ॅडॉल्फ द प्लेव्हित्झ हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, ते असायला हवं. हा युरोपीय माणूस स्वतः मळ्याचा कारभार बघणारा. त्याने जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला आणि त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले. १८७१ मध्ये तो अर्ज गव्हर्नरकडे गेला. त्याला हद्दपार करा, अशी मागणी मळेवाल्यांनी केली आणि भर रस्त्यात त्याला मारहाण झाली. पण लंडनहून शाही आयोग आला, त्याने १८७५ मध्ये मोठा अहवाल दिला आणि कायदा पुढे सैलावला. नऊ हजार चारशे एक माणसांची मुख्य मागणी काय होती? आम्हाला आमच्या पायांनी चालू द्या.

मोकामध्ये महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे या सगळ्या आप्रवाशांची दप्तरं जपून ठेवली आहेत. वंशज असल्याचा पुरावा दाखवला की पूर्वजाची नोंद मिळते. २०१६ मध्ये आजींना घेऊन मी तिथे गेले. तोवर मी जपानहून आलेली एक वापरलेली छोटी गाडी घेतली होती. मॉरिशसच्या रस्त्यांवर अशा गाड्या खूप. गाडीला तिथे ‘लोतो’ म्हणतात. आजी लोतोत बसल्या त्या मांडीवर जन्मदाखल्यांची पिशवी घट्ट धरूनच.

नोंद मिळाली. क्रमांक, वडिलांचं नाव, वय, उंची, कपाळावरचा व्रण, जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव कारकुनाने कानावर पडलं तसं आपल्या वळणाने लिहिलेलं. मी मालगुंड, माखजन, माभळे अशी नावं मोठ्याने वाचून पाहिली, एकही त्या अक्षरांत नीट बसलं नाही. आजी ऐकत होत्या. “राहू दे,” म्हणाल्या. त्यांचं लक्ष खालच्या फोटोवर होतं. काळी बंडी घातलेला, कॅमेऱ्याकडे डोळे मोठे करून पाहणारा माणूस. हा फोटो पासासाठी काढलेला. त्या माणसाचा दुसरा फोटो जगात कुठेही नाही. त्याला अडवण्यासाठी सरकारने जो चेहरा टिपला, तोच पणतीच्या हातात आला. तिने पदराने त्यावरून हात फिरवला, धूळ पुसावी तसा, आणि कागदावर धूळ नव्हतीच.

मोकाहून परतताना आजी खूप बोलल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला साखरेचे भाव पडले आणि मळेवाल्यांनी कडेकडेची जमीन तुकडे पाडून विकली. तेव्हा त्यांच्या घराने दोन बिघे घेतले, ते बैलगाडीच्या जिवावर. दिवसा दुसऱ्यांचा ऊस कारखान्यावर ओढायचा आणि आलेल्या पैशातून स्वतःचा ऊस लावायचा. वडील पुढे बसवर कामाला होते. आगगाडीची प्रवासी वाहतूक १९५६ मध्ये बंद झाली, १९६४ मध्ये मालगाडीही थांबली आणि सगळं बेट बसवर आलं. “लागार तिथेच राहिली, फक्त गाडी गेली,” आजी म्हणाल्या. माझं कोडं सुटलं. पोर्ट लुईतला दक्षिणेकडच्या बसगाड्यांचा तळ अजून व्हिक्टोरिया लागार आहे. उत्तरेकडच्या बसगाड्या सुटतात त्या चौकाचं नाव इमिग्रेशन स्क्वेअर, आणि त्याला लागूनच तो आप्रवासी घाट, ज्याच्या पायऱ्या चढून बहुतेक मजुरांनी बेटावर पहिलं पाऊल ठेवलं. २००६ पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे. मी कितीदा तरी तिथून बस पकडली. पायऱ्या काळ्या दगडाच्या, अरुंद.

आजींच्या मुली कापडाच्या कारखान्यात गेल्या. १९७० च्या निर्यात क्षेत्राच्या कायद्यानंतर हजारो बायका उसाच्या कामातून शिवणयंत्रावर बसल्या. नेण्या-आणण्याला कंपनीची बस असायची. नातू एका हॉटेलात. आज शिवणयंत्रावर बांगलादेशातून आलेली मुलं-मुली दिसतात, करारावर, कारखान्याच्या वसतिगृहात राहणारी. रविवारी ती पोर्ट लुईच्या बाजारात घोळक्याने फिरताना दिसली की आजी त्यांच्याशी हमखास बोलायला थांबायच्या. भाषा जुळायची नाही. ‘कंत्रा’ हा शब्द मात्र दोन्ही बाजूंना कळायचा.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. दुकानात कोणत्या दिवशी जायचं ते आडनावाच्या पहिल्या अक्षरावर ठरलं आणि कामासाठी घराबाहेर पडायला पोलिसांचा परवाना लागू लागला. फर्मने माझा काढून दिला. मी तो गाडीच्या काचेला लावला आणि रिकाम्या रस्त्यावर शिपायाने हात केल्यावर काच खाली करून दाखवला. तो सभ्यपणे बोलला, मला पुढे सोडलं. दोन मिनिटांचं काम. तरीही पुढचे दोन किलोमीटर माझ्या पोटात गोळा होता. माझी नोकरी बरी, पगार बरा, परतीचं तिकीट माझ्या ऐपतीतलं. त्या मजुरांच्या हालांशी माझी बरोबरी मी करणार नाही. पण कागद काढताना हात कसे घाईला येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याआधीच मेट्रो आली होती. काम २०१७ मध्ये सुरू झालं, कंत्राट मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोचं. मार्ग बराचसा जुन्या आगगाडीचाच. रूळ उखडून पन्नासेक वर्षं झाली तरी ती पट्टी अजून मोकळी होती, काही ठिकाणी मात्र त्यावर माणसं राहत होती. ला ब्युत आणि बार्कलीमधल्या कुटुंबांची घरं त्यासाठी पाडली, त्याचं दुःख तिथल्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये पोर्ट लुई ते रोझ हिल या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं, मग क्वात्र बोर्न, मग वाक्वा आणि २०२२ च्या अखेरीपर्यंत क्युरपिप. रोझ हिलच्या अंधाऱ्या थांब्यावर उभं राहण्याचे माझे दिवस गाडी घेतल्यावरच संपले होते; आता मेट्रोही वाक्वापर्यंत आली, आणि नेमकी तेव्हाच मला परत जायची वेळ झाली.

निघायच्या आदल्या आठवड्यात आजींनी मला मेट्रोने पोर्ट लुईला नेलं. मी त्यांना नेलं असं म्हणायला हवं, पण तिकिटाचा फलक कुठे, दार कोणत्या बाजूला उघडतं, हे सगळं त्याच सांगत होत्या. बेटावर ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना बसप्रवास २००५ पासून फुकट आहे, मेट्रोतही तो आहे. तपासनीस आला. आजींनी पाकिटातून ओळखपत्र काढलं. फोटो बघून त्याने मान हलवली आणि पुढे गेला. त्यांनी ते परत ठेवलं नाही. हातात धरूनच खिडकीबाहेर बघत राहिल्या. फिनिक्सच्या पुढे एका वळणावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

“इथे वाफेची गाडी हळू व्हायची. बाबा उडी मारून उतरायचे. तिकीट वाचायचं ना.”

मेट्रो वळणावर जराही हळू झाली नाही.