लोणार पाहावे काठावरून

समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या लोणार गावाच्या कडेला जमीन एकाएकी संपते आणि खोल विवराच्या तळाशी खारे, हिरवट पाणी पसरलेले दिसते. आलेला पाहुणा दोन फोटो काढतो आणि खाली उतरायची वाट विचारतो. पाण्याला हात लावल्याशिवाय सरोवर पाहिले असे त्याला वाटत नाही. वास्तविक लोणार उलगडते ते काठावर. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. तळाशी उभे राहिले की चहूकडे झाडी आणि चढच दिसतो. वर्तुळ नजरेत मावते ते वरूनच. शिवाय हा काठ भोवतालच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. जमीन नुसती खचली असती, तर कड अशी उचलली गेली नसती. उल्केच्या आघाताने उलथलेला आणि बाहेर फेकला गेलेला बेसाल्ट इथे साचला आहे. एकेकाळी ज्वालामुखीचे मुख मानले गेलेले हे विवर उल्कापातानेच झाले, हे इथल्या खडकात सापडलेल्या मास्केलिनाइट या काचेने पक्के केले; ती प्रचंड धक्क्याच्या दाबाखालीच तयार होते. वयाबद्दल मात्र एकवाक्यता नाही: एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर दुसरीने पाच लाख सत्तर हजार!

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हाही सरोवर वरूनच कळते, हे दिसून आले. सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. उन्हाळ्यात ते आटते आणि क्षार वाढतात. अशा पाण्यात गुलाबी रंगाचे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. सबंध सरोवराचा रंग बाटलीत पकडता येत नव्हता.

यावर कोणी म्हणेल, कमळजादेवीचे मंदिर तर खालीच, पाण्याच्या कडेला आहे. देवीच्या दर्शनाला उतरणाऱ्या भाविकांची परंपरा पर्यटनाहून कितीतरी जुनी. त्यांना अडवण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न केवळ कुतूहलापोटी उतरणाऱ्यांचा आहे, कारण २००० पासून हे अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळे वर थांबले, तर कठडे, टपऱ्या आणि सिमेंटचे ओटे काठच खाऊन टाकतील. म्हणून इथे बाग नको, पायवाट पुरे. हिशेबाने काठाचा घेर जवळपास पावणेसहा किलोमीटर भरतो. गर्दी एका जागी कोंडण्याऐवजी पांगू शकते. सुरुवात काठावरच्या धार या झऱ्यापासून करावी. गोमुखातून पडणारे गोडे पाणी आणि तळाशी साठलेले खारे पाणी यांतला फरक तिथेच लक्षात येतो, आणि ईशान्येच्या या बाजूने सकाळी सूर्य पाठीशी राहत असल्याने समोरची पश्चिमेची भिंत उजळलेली दिसते.