१९ रुपये ९९ पैशांतला एक पैसा कुठे जातो?

दुकानाच्या ॲपमध्ये एका वस्तूची किंमत १९.९९ रुपये आहे. प्रोग्रामरने ती ‘डबल’ या प्रकारात ठेवली आणि रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणली. उत्तर १९९९ यायला हवं, येतं १९९८.९९९९९९९९९९९९८. दशांश चिन्हापुढचं छाटलं की उरतात १९९८. पैसा गेला, आणि ॲपने चूक झाल्याचं कळवलंही नाही.

गोम साठवणुकीत आहे. ‘डबल’ अपूर्णांक साठवतं ते अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांची बेरीज करून. एक दशांश या तुकड्यांत कधीच पुरता बसत नाही. ० ते ९९ पैशांपैकी नेमके साठवता येतात फक्त चार आकडे: शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंच्याहत्तर. म्हणजे चार आणे, आठ आणे, बारा आणे! १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधीचा आणा तर रुपयाचा सोळावा भाग. तो संगणकाच्या द्विमान पद्धतीत अगदी चपखल बसला असता.

‘डबल’ला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तापमान, अंतर, वेग यांसाठी ते उत्तमच. तिथे मोजमापातलीच चूक याहून मोठी असते. पैशांच्या हिशेबात मात्र ते वापरू नये, आणि त्याचं धाकटं भावंड ‘फ्लोट’ तर मुळीच नको. फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ रुपयांत एक रुपया मिळवा, बेरीज तेवढीच राहते.

उपाय दोन. सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकांत ठेवायचा. किंवा दशमान वर्ग (क्लास) वापरायचा. आयफोनसाठी ‘एनएसडेसिमलनंबर’ आहे, त्यात ३८ अंक मावतात. अँड्रॉइडवर जावाचा ‘बिगडेसिमल’. मात्र या वर्गांची वस्तू (ऑब्जेक्ट) मजकुरातून, "१९.९९" अशी घडवावी. किंमत आधी डबल करून मग तिच्यात ओतली, तर बिघडलेला आकडाच इमानेइतबारे जपला जातो. शिवाय या वस्तू बदलत नाहीत. बेरीज केली की नवी वस्तू हाती येते. ती ठेवून घेतली नाही, तर एकूण रक्कम जागची हलत नाही. नवशिके इथे हमखास अडकतात.

एवढं करूनही शंभर रुपये तिघांत वाटले की ३३.३३ च्या तीन वाटण्यांनंतर एक पैसा उरतोच. तो कोणाकडे जाणार, हे कोणताही वर्ग आपणहून ठरवत नाही. असे उरलेले तुकडे नुसते छाटत गेलं, की चूक साचत जाते. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ साली १००० वर सुरू झाला. प्रत्येक फेरगणनेत तिसऱ्या दशांशस्थळापुढचं नुसतं छाटलं जात होतं. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. नीट हिशेब केल्यावर निघाला १०९८.८९२. आपल्याकडे जीएसटी कायद्याच्या कलम १७० ने कराची रक्कम जवळच्या रुपयात आणायला सांगितली आहे, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरच्या. ॲप लिहिणाऱ्याने असा नियम आधी शोधावा आणि पूर्णांकन नेमकं कोणत्या टप्प्यावर होणार, ते कोडमध्ये स्पष्ट लिहावं.