वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीवरील कर (भारत)

वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीवर भारतात स्वतंत्र असा कर नाही. घरातील जुना सोफा, सायकल, मोबाइल किंवा कपडे संकेतस्थळामार्फत विकून आलेली रक्कम सामान्यतः करपात्र ठरत नाही. दागिने व कलावस्तूंना मात्र ही मोकळीक नाही, आणि विक्रीला व्यवसायाचे स्वरूप आल्यास नियम बदलतात. विक्री ऑनलाइन झाली की प्रत्यक्ष, यावर मूळ करदायित्व अवलंबून नसते.

वैयक्तिक वस्तूची व्याख्या

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २(१४) मध्ये ‘भांडवली मालमत्ते’तून वैयक्तिक वस्तू वगळल्या आहेत. करदात्याच्या किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या वापरासाठी ठेवलेली जंगम मालमत्ता, म्हणजे कपडे, फर्निचर इत्यादी, यात मोडते. स्वतःच्या वापराची मोटारही सामान्यतः यातच येते. व्यवसायासाठी वापरून जिच्यावर घसारा घेतला आहे, ती येत नाही. या वगळणुकीला दुसरी बाजू आहे. ६०,००० रुपयांना घेतलेला मोबाइल १५,००० रुपयांना विकल्यास होणारा ४५,००० रुपयांचा तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्येही ही वगळणूक कायम आहे.

‘वैयक्तिक वापर’ म्हणजे नेमके काय, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने महाराज राणा हेमंतसिंहजी विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त, राजस्थान (१९७६) या खटल्यात दिला. सोन्याची नाणी, चांदीचे रुपये व चांदीच्या लगडी महालक्ष्मीपूजनात मांडल्या जात असल्याने त्या वैयक्तिक वस्तू आहेत, असा दावा होता. वस्तूचा व्यक्तीशी निकटचा संबंध हवा, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. वर्षातून एकदा पूजेत ठेवणे हा नित्याचा वापर नव्हे. याउलट, जेवणखाणासाठी वापरातील चांदीची भांडी मुंबई उच्च न्यायालयाने वैयक्तिक वस्तू मानली आहेत.

दागिने व कलावस्तू

दागिने १९७३ पासून, तर चित्रे, रेखाटने, शिल्पे व पुरातत्त्वीय संग्रह २००७ च्या वित्त अधिनियमाने या सवलतीबाहेर गेले. वस्त्रात शिवलेले मौल्यवान धातूचे अलंकार किंवा रत्नेही दागिन्यांतच मोजली जातात. २३ जुलै २०२४ पासून, २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या दागिन्यांच्या नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो. महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची सोय उरलेली नाही.

वारसाहक्काने आलेल्या दागिन्यांत मूळ मालकाची खरेदी किंमत व त्याचा धारणकाळ धरला जातो. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते. समजा, आजीच्या पाटल्यांचे त्या दिवशीचे मूल्य ५०,००० रुपये होते आणि त्या ८ लाखांना विकल्या, तर नफा साडेसात लाख व त्यावरील कर ९३,७५० रुपये होतो (उपकर वेगळा). विक्रेत्याचे अन्य उत्पन्न करमुक्त मर्यादेत असल्यास रक्कम कमी होऊ शकते.

वस्तू व सेवा कर

हा कर व्यवसायाच्या ओघात किंवा व्यवसायवृद्धीसाठी केलेल्या पुरवठ्यावर लागतो; घरातील अडगळ विकणारी व्यक्ती त्यात येत नाही. व्यक्तीने जुने दागिने सराफास विकल्यास त्यावर हा कर नाही, असा खुलासा केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जुलै २०१७ मध्ये केला. जुन्या वस्तूंचा नोंदणीकृत व्यापारी मात्र खरेदी-विक्री किमतींतील फरकावर कर देऊ शकतो. फरक उणे असल्यास कर शून्य. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील परिषदेच्या बैठकीनंतर जुन्या गाड्यांवरील १८ टक्के दराविषयी बराच गोंधळ उडाला. तो दर नोंदणीकृत विक्रेत्यांच्या फरकापुरताच आहे. एका व्यक्तीने दुसरीस गाडी विकल्यास लागत नाही.

व्यवसाय केव्हा ठरतो

याला विक्रीसंख्येची ठरावीक मर्यादा नाही. पुन्हा विकण्याच्या हेतूने खरेदी, वारंवारता व पद्धतशीरपणा पाहिला जातो. स्वतःची पुस्तके एकदम विकणे व्यवसाय नव्हे. रद्दीच्या दुकानांतून दुर्मीळ पुस्तके वेचून नियमित विकणे हा व्यवसाय होय.

विक्री संकेतस्थळामार्फत झाल्यास कलम १९४-ओ अन्वये १ ऑक्टोबर २०२० पासून १ टक्का उद्गम करकपात सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर ०.१ टक्का आहे. पॅन किंवा आधार देणाऱ्या व्यक्तीची त्या मंचावरील वार्षिक विक्री ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास कपात होत नाही. कपात झाली म्हणून उत्पन्न करपात्र ठरत नाही. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते.